कॅनडाच्या पीआरसाठी जुन्या नोकऱ्यांचा पुरावा जमवताना

कायमच्या वास्तव्यासाठी (पीआर) उमेदवार निवडण्याच्या कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्री या पद्धतीतून अर्ज करण्याचे निमंत्रण आले तेव्हा इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि पदवीचे मूल्यांकन माझ्या हाती होते आणि तीन नोकऱ्यांची पत्रे एका फायलीत लावून ठेवलेली होती. त्यामुळे निमंत्रणानंतर कागदपत्रांसाठी मिळणारे ६० दिवस मला भरपूर वाटले. फाइल उघडून दुसऱ्या कंपनीचे अनुभवपत्र वाचले आणि तो समज तिथेच संपला. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत या आमच्याकडे डिझाइन इंजिनिअर होत्या, त्यांची वर्तणूक समाधानकारक होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा, एवढाच त्या चार ओळींचा ऐवज होता. भारतात पुढची नोकरी मिळवायला असे पत्र पुरते. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यापुढे त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही.

खात्याला कंपनीच्या लेटरहेडवरचे पत्र लागते आणि त्यावर कंपनीचा पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल असावा लागतो. मजकुरात अर्जदाराचे नाव, सांभाळलेली सगळी पदे, त्या पदांवर केलेली कामे, नोकरीच्या तारखा, आठवड्याचे कामाचे तास आणि वार्षिक पगार व इतर लाभ यायला हवेत, आणि खाली प्रत्यक्ष वरिष्ठाची किंवा एचआरच्या अधिकाऱ्याची नाव व हुद्द्यासह सही हवी. यांपैकी तास आणि कामे या दोन गोष्टी आपल्याकडच्या पत्रांत बहुधा नसतातच. मी ज्या फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगारांच्या वर्गातून अर्ज केला, त्यात गेल्या १० वर्षांतला किमान एक वर्षाचा सलग, पगारी अनुभव दाखवावा लागतो आणि तिथे वर्ष म्हणजे आठवड्याला ३० तासांच्या हिशेबाने १,५६० तास. आमच्याकडे शनिवार धरून ४८ तास भरत असत, पण ३० च्या वरचे तास मोजलेच जात नाहीत, म्हणून जास्त राबल्याने वर्ष लवकर पुरे होत नाही. तरीही तासांचा आकडा पत्रात हवाच, कारण त्यावाचून नोकरी पूर्णवेळ होती की अर्धवेळ हे अधिकाऱ्याने ठरवायचे कशावरून?

नव्या पत्रासाठी मी दुसऱ्या कंपनीला लिहिले. कंपनी मोठी होती आणि मोठ्या कंपन्यांची अडचण अशी की त्यांच्याकडे ठरलेला नमुना असतो, त्याबाहेर एक ओळही लिहिली जात नाही. हुद्दा, तारखा आणि पगार देऊ, कामांची यादी देण्याची पद्धत नाही, असे उत्तर आले. तेही तीन वेळा आठवण केल्यावर. अशा वेळी भांडून उपयोग नसतो, कारण समोरचा माणूस नियमाला बांधलेला असतो. मी त्यांच्या नमुन्यातलेच पत्र मागितले, फक्त त्यात आठवड्याचे तास घालण्याची विनंती केली, आणि ती मान्य झाली. कामांची माहिती देणारे पत्र त्या वेळच्या माझ्या वरिष्ठांकडून घेतले. ते तोवर दुसरीकडे रुजू झाले होते, त्यामुळे जुन्या कंपनीचे लेटरहेड वापरण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी साध्या कागदावर, व्यक्तिगत नात्याने पत्र लिहिले, नोटरीसमोर सही केली आणि आपण त्या काळात त्या पदावर होतो हे दाखवणाऱ्या स्वतःच्या रिलीव्हिंग लेटरची प्रत जोडली. या सगळ्यावर मी एक स्पष्टीकरणाचे पत्र लिहून कंपनीचा नकाराचा ईमेल सोबत दिला. असा पर्यायी पुरावा मान्य करण्याचे अधिकाऱ्यावर बंधन नसते. पण अपुरे पत्र कारण न देता पुढे करण्यापेक्षा ते का अपुरे आहे हे आपणच सांगितलेले बरे.

कामांचा मजकूर हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. कॅनडात प्रत्येक व्यवसायाला एनओसी या राष्ट्रीय वर्गवारीत पाच अंकी संकेतांक असतो. वर्गवारीची २०२१ ची आवृत्ती एक्सप्रेस एन्ट्रीत १६ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाली आणि तीत दुसरा अंक त्या कामाची पातळी सांगतो. ० ते ३ पातळीची कामे फेडरल स्किल्ड वर्कर वर्गात धरली जातात. चालू नोकरीत माझा हुद्दा असिस्टंट मॅनेजर होता, त्यामुळे २००१० हा इंजिनिअरिंग मॅनेजरचा संकेतांक लावावा असे एका सल्लागाराने सुचवले. हुद्द्यात मॅनेजर असले तरी माझ्या हाताखाली एकही माणूस नव्हता आणि अंदाजपत्रकाशी माझा संबंध नव्हता. संकेतांक हुद्द्यावरून ठरत नाही, केलेल्या कामावरून ठरतो. त्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्णनाशी आपले काम जुळले पाहिजे आणि मुख्य कामांच्या यादीतली बरीचशी कामे आपण खरोखर केलेली असली पाहिजेत. मी मेकॅनिकल इंजिनिअरचा २१३०१ घेतला.

त्याच सल्लागाराने पत्राचा मसुदाही पाठवला होता आणि त्यात एनओसीच्या पानावरची वाक्ये जशीच्या तशी उतरवलेली होती. अशी पत्रे अधिकाऱ्यांच्या नजरेखालून रोज जात असणार, आणि वाक्ये ओळखीची निघाली की पत्र कंपनीने लिहिले की अर्जदाराने, ही शंका आलीच. मी तो मसुदा बाजूला ठेवला आणि माझ्या जुन्या ड्रॉइंगांच्या नोंदी काढून बसले. ‘यंत्रे व यंत्रणांचे आराखडे तयार करणे’ या वाक्याच्या जागी मी लिहिले ते असे: ‘सिमेंट कारखान्यांच्या बेल्ट कन्व्हेयरसाठी मोटर आणि गिअरबॉक्सची निवड करणे, शाफ्टच्या व्यासाची आकडेमोड करणे आणि उत्पादन विभागाकडे जाण्यापूर्वी प्रत्येक ड्रॉइंग तपासून सही करणे.’ अर्थ एनओसीच्या चौकटीत बसतो, पण वाक्य माझ्याच टेबलावरचे आहे. अशी सात-आठ वाक्ये झाली. माझ्या चालू कंपनीतल्या वरिष्ठांनी त्यांतले एक खोडले, कारण ते काम मी नव्हे, माझ्या शेजारी बसणारा सहकारी करत असे. ते खोडले गेले याचे मला बरेच वाटले. खोटी माहिती दिल्याचे ठरले तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षे दार बंद होते, आणि ते एका वाक्यापायी ओढवून घेण्यात अर्थ नव्हता.

चालू नोकरीतून पत्र मागणे हे निराळेच अवघड काम आहे, कारण मागितले की आपण जाणार हे कळते. मी एचआरकडे न जाता आधी वरिष्ठांशी बोलले. ज्यांचे तसे संबंध नसतील त्यांनी ही वेळ निमंत्रण येण्याच्या बऱ्याच आधी निभावून नेलेली चांगली.

पत्रे हाती आल्यावर मी सगळे कागद शेजारी शेजारी मांडले आणि तिथे खरी डोकेदुखी सुरू झाली. दुसऱ्या कंपनीच्या पत्रात रुजू होण्याची तारीख १ जून होती आणि पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत १ सप्टेंबर, कारण प्रोबेशनचे तीन महिने त्यांनी पीएफ कापलाच नव्हता. पत्रातला पगार सीटीसीचा, म्हणजे कंपनीला माझ्यापायी येणाऱ्या एकूण खर्चाचा होता आणि फॉर्म १६ मधला आकडा त्याहून बराच कमी. आणि नावाचे तर विचारूच नये. पहिल्या दोन नोकऱ्यांचे कागद माहेरच्या नावाने, म्हणजे माझे नाव, मधे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. पासपोर्टवर मधले नाव नवऱ्याचे आणि आडनाव सासरचे. आपल्याला यात वावगे काही वाटत नाही, पण तीनपैकी दोन शब्द बदललेले नाव परक्या देशातल्या अधिकाऱ्याला दुसऱ्याच बाईचे वाटू शकते. विवाह नोंदणीचा दाखला जोडला आणि अर्जात पूर्वीचे नाव विचारतात तिथे जुने नाव पूर्ण लिहिले. तारखेच्या फरकासाठी पहिल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचे स्टेटमेंट दिले, आणि तारीख व पगार या दोन्ही फरकांचे कारण स्पष्टीकरणाच्या पत्रात दोन-दोन ओळींत मांडले.

राहिली पहिली कंपनी. पंधरा-वीस माणसांची ती कंपनी मी सोडल्यानंतर दोन वर्षांत बंद पडली आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्या नावापुढे ‘स्ट्राइक ऑफ’, म्हणजे नोंदवहीतून नाव काढल्याचा शेरा होता. मालकांचा फोन लागत नव्हता. मी फॉर्म २६एएस उतरवून घेतला, त्यात त्यांनी कापलेल्या कराची नोंद निघाली. पीएफचे पासबुकही मिळाले. पण कामांबद्दल बोलणारा एकही कागद नव्हता, आणि कामांबद्दलचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून चालेल याची खात्री नव्हती. मग मी कागद शोधायचे थांबवून गुणांचा हिशेब केला. पहिल्या नोकरीचे सव्वा वर्ष सोडले तरी उरलेला अनुभव सात वर्षांचा होता. पात्रतेच्या तक्त्यात सहा वर्षांना आणि त्यापुढे सारखेच १५ गुण मिळतात, आणि निमंत्रण कोणाला ते ज्यांवरून ठरते त्या क्रमवारीच्या गुणांत परदेशातल्या, म्हणजे कॅनडाबाहेरच्या अनुभवाला तीन वर्षांच्या पुढे वाढीव गुण मिळत नाहीत. म्हणजे जी नोकरी सिद्ध करण्यासाठी मी झोप घालवत होते तिचा मला एका गुणाचाही फायदा नव्हता. मी तिच्यावर अनुभवाचा दावा केला नाही. मात्र वैयक्तिक इतिहासाच्या भागात तिची नोंद तारखांसह ठेवली, कारण तिथे गेल्या १० वर्षांचा महिन्यामहिन्याचा हिशेब द्यावा लागतो आणि त्यात खंड राहिलेला चालत नाही. हा हिशेब पहिल्याच दिवशी करायचा असतो, हे मला पन्नासाव्या दिवशी सुचले.

स्वतःचा व्यवसाय असलेल्यांची वाट वेगळी आहे. त्यांना व्यवसाय आपल्या मालकीचा असल्याचा कागद, त्यातून झालेल्या उत्पन्नाचा पुरावा आणि काय काम केले, किती पैसे दिले हे सांगणारी ग्राहकांची कागदपत्रे द्यावी लागतात. माझ्या एका मैत्रिणीने बिले आणि बँकेतल्या जमा रकमा एकेक करून जुळवल्या. तिचे काम माझ्याहून किचकट होते.

शेवटी अपलोड. प्रत्येक नोकरीसाठी एकच जागा असते, त्यामुळे पत्र, स्पष्टीकरण, स्लिपा, फॉर्म १६ आणि पीएफचे पासबुक यांची एकच पीडीएफ करावी लागली, आणि ४ एमबीच्या मर्यादेत बसवायला रंगीत स्कॅन टाकून सगळे पुन्हा काळ्या-पांढऱ्यात केले. शिक्का धूसर होणार नाही एवढे मात्र पाहिले. अर्ज ५७ व्या दिवशी रात्री सादर झाला. त्यांपैकी ४१ दिवस दुसऱ्या कंपनीच्या एचआरच्या त्या एका सहीची वाट पाहण्यात गेले होते.