जबड्यातील सिस्ट मोजताना: एमडीएस प्रबंधाचा अनुभव

मौखिक विकृतिशास्त्रात एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) करताना दातांपासून उद्भवणाऱ्या सिस्टचे, म्हणजे जबड्यातील द्रव भरलेल्या पिशव्यांचे, रुग्णांमधील प्रमाण हा विषय मी सोपा वाटला म्हणून निवडला. विभागातील जुनी रजिस्टरे हाताशी होती. नोंदी मोजायच्या आणि टक्केवारी काढायची, एवढेच काम असेल असे वाटले होते. हाच विषय घेणाऱ्यांना स्पष्ट सांगते, मोजणीला इतक्या लगेच बसू नका.

अशा सिस्टपैकी रॅडिक्युलर (किडलेल्या, मृत दाताच्या मुळाशी होणाऱ्या) साधारण निम्म्या किंवा त्याहून अधिक, त्यानंतर डेंटिजेरस (न उगवलेल्या दाताभोवतीच्या) आणि मग केराटोसिस्ट (केराटिनचे अस्तर असलेल्या), हा क्रम आपल्या सर्वांना पाठ असतो. माझ्या पहिल्या तक्त्यात मात्र केराटोसिस्ट डेंटिजेरसच्या वर गेली होती, आणि काहीतरी वेगळे हाती लागल्याच्या आनंदात मी चर्चेचे प्रकरण लिहायलाही घेतले. मग एका दुपारी रजिस्टर पडताळताना तेच नाव, तेच गाव, खालच्या जबड्याची तीच उजवी बाजू पुन्हा दिसली. फक्त वय एका वर्षाने वाढलेले होते. मोठ्या केराटोसिस्टचा आधी लहानसा तुकडा निदानासाठी येतो, काही महिन्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले पूर्ण अस्तर येते, आणि ही सिस्ट पुन्हा उद्भवण्यासाठी कुप्रसिद्ध असल्यामुळे पुढे तिसरा नमुनाही येऊ शकतो. रुग्ण एकच, पण बायोप्सी क्रमांक तीन. रॅडिक्युलर सिस्ट मात्र बहुतेकदा काढलेल्या दातासोबत एकदाच येते. म्हणजे चूक सगळीकडे सारखी पसरत नाही, ती नेमकी केराटोसिस्टचाच आकडा फुगवते. माझ्या गाइडनी तक्ता न पाहताच सही केली होती. चूक अशी एकाच बाजूला झुकते ही गोष्ट ध्यानात आणून दिली ती स्लाइड कापणाऱ्या तंत्रज्ञ काकांनी. सीनियरकडून तयार एक्सेल शीट घेणे मला आजही पटत नाही, कारण त्यात आकड्यांबरोबर चुकाही येतात.

आणखी एक अडचण नावाची. 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केराटोसिस्टला अर्बुदांत (ट्यूमरमध्ये) घातले आणि 2017 मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आणले. त्यामुळे मधल्या वर्षांतील नोंदी ‘केसीओटी’ (केराटोसिस्टिक ओडोंटोजेनिक ट्यूमर) या नावाखाली शोधाव्या लागतात.

एवढे वाचून विषय बदलू नका. नाव, वय, जागा आणि ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) जुळवून प्रत्येक रुग्णाची एकच ओळ करायला मला तीन आठवडे लागले, आणि त्यानंतर क्रम पुस्तकासारखाच निघाला. तरीही मुळाच्या टोकाशी असलेल्या कित्येक लहान सिस्ट रूट कॅनालने बऱ्या होतात आणि आपल्या टेबलापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून शीर्षकातील ‘रुग्णांमधील प्रमाण’ हे शब्द मी काढले आणि तिथे ‘विभागात तपासणीसाठी आलेल्या सिस्टमधील सापेक्ष प्रमाण’ असे लिहिले.