जलपर्णीखालच्या पाण्यात ऑक्सिजन किती? पहाटे मोजा, दुपारी नको

भिगवणला जाऊन फ्लेमिंगोचे फोटो सगळेच काढतात, पण पाण्याखाली काय कुजतंय ते बघायला कुणी वाकत नाही. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनी धरणात, म्हणजे भिगवणच्या याच पाण्यात येतं, त्यावर जलपर्णी पोसते, मेली की तळाला बसते, आणि तिला कुजवणारे जीवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. किती उरलाय ते विंकलर किटने, म्हणजे ऑक्सिजन मोजायच्या द्रावणांच्या संचाने कळतं. लॅबचं सामान मिळतं तिथे किट मिळेल. ॲसिड असतं, हातमोजे घाला. होडीवाल्या काकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

उजाडायच्या आत पाण्यावर पोचा. "कधीही मोजा, काय फरक पडतो" म्हणणाऱ्यांचं मी ऐकलं होतं. सकाळी अकराला लिटरला 9 मिलिग्रॅम आलं, खूश होऊन सगळ्यांना सांगत सुटलो, आणि दोनच दिवसांनी पहाटे त्याच जागी चिलापी मासळी हवेसाठी वर येऊन तोंडाची उघडझाप करत होती. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ओढून घेतं.

आता बाटली. इथेच सगळे फसतात. बादलीत पाणी काढून बाटलीत ओतायचं नाही म्हणजे नाही!! ओतताना हवा मिसळते आणि मेलेलं पाणीपण झकास दिसतं. झाकण लावलेली बाटली कोपरापर्यंत हात घालून जलपर्णीखाली न्या, तिरकी धरून झाकण हळूच काढा, भरू द्या, टिचक्या मारून आत चिकटलेले बुडबुडे सोडवा आणि पाण्यातच झाकण लावा. वर काढून उलटी करून बघा, साबुदाण्याएवढा बुडबुडा दिसला तरी ओतून द्या, परत भरा. मला एकदा सहा वेळा करावं लागलं, काका जाम वैतागले.

किटमधली पहिली दोन द्रावणं बाटलीत होडीतच टाका, घरी नेईपर्यंत बाटलीतले जीवाणू ऑक्सिजन खात बसतात. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराफटक आला तर संपलाय. पुढचं किटच्या पत्रकात आहे.

मासे आणि वन्यजीवांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ लिटरला किमान 4 मिलिग्रॅम धरतं. "मरळ आहे की अजून" असं कुणी म्हणालं तर हसा, मरळ वरची हवा घेऊन जगते.

आकडा कमी आला म्हणून जलपर्णी ओढून काठावर ढीग लावू नका, पहिल्या पावसात सगळा कुजका रस परत आत. आणि मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता वनखात्याला कळवा, ऑक्सिजन नसलेल्या कुजक्या गाळात बोटुलिझमचं विष तयार होतं, 2019 ला राजस्थानात सांभरला हजारो पक्षी त्यानेच गेले.