जर्मन राजघराण्यांची वंशावळ लावायचीय? मग माहेरापासून सुरुवात करा

जर्मन संस्थानिकांची नाती बघायला बसलं की बहुतेक लोक राजापासून सुरू करतात आणि दोन पानांत वैतागतात. रॉइस घराण्यात तर प्रत्येक मुलगा हाइनरिखच, पुढे फक्त आकडा. म्हणून बाई धरा, कुठली आणि कुठे दिली एवढं बघा.

अप्पा बळवंत चौकातून मोठा कार्डशीट आणि दोन पेनं आणा, माहेराला लाल, सासरला निळं. नावापुढे गेबोरेने असा शब्द दिसला की त्यानंतरचं ते माहेर, आपण गोपिकाबाई रास्त्यांच्या म्हणतो ना तसंच.

पहिली चौकट ऑगस्टाची करा. ही चोविसाव्या हाइनरिखची मुलगी, १७७७ साली कोबुर्गला दिली. आता तिची मुलं बघा, एर्न्स्ट कोबुर्गच्या गादीवर, लिओपोल्ड १८३१ मध्ये बेल्जियमचा राजा, युलियाना रशियाच्या झारच्या घरात, व्हिक्टोरिया इंग्लंडच्या राजपुत्राला, आणि हे सगळं एवढ्याशा संस्थानातून, मला तर ही बाई कुठल्याही सेनापतीपेक्षा मोठी वाटते.

कागदावर कझिन हा शब्द अजिबात लिहू नका, त्याने सगळं झाकलं जातं. आते, मामे, मावस, चुलत असंच लिहा. एर्न्स्टचा मुलगा आल्बर्ट आणि व्हिक्टोरियाची मुलगी इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया, म्हणजे १८४० मध्ये राणीने मामाच्या मुलाशी लग्न केलं. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, म्हणजे मुलगी आत्याकडे जाते, इथे बरोबर उलटं. दोघांचा जन्म १८१९ चा आणि दोन्ही बाळंतपणं करणारी बाईसुद्धा एकच, शार्लोट फॉन झीबोल्ड! जुन्या जर्मनमध्येही मामा ओहाइम, मावशी मूमे, आत्या बाझे असे वेगळे शब्द होते, नंतर फ्रेंचवरून आलेले ओंकल आणि टांटे रुळले.

मग नाव बदललंय का ते तपासा. आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितात, तिकडे मुलगी रशियात दिली की बहुतेक वेळा ऑर्थोडॉक्स पंथात जाताना नाव बदलायचं. आनहाल्ट-झेर्ब्स्टची झोफी ती कॅथरीन, हेस या जर्मन संस्थानची आलिक्स ती अलेक्झांड्रा. मी आलिक्स आणि अलेक्झांड्रा दोघी वेगळ्या समजून दोन चौकटी केल्या होत्या, मग अख्खा कागद नव्याने काढावा लागला.

बरोबरीचं घराणं नसेल तर रेघ तुटक काढा, कारण अशा लग्नातल्या मुलांना गादी मिळायची नाही. हेसच्या अलेक्झांडरने १८५१ मध्ये युलिया हाउकेशी लग्न केलं, ती राजघराण्यातली नव्हती, म्हणून मुलांना बाटेनबेर्ग हे वेगळं नाव.

लाल रेघ मात्र कधीच गाळू नका. राणी व्हिक्टोरियाची मुलगी अॅलिस हेसला दिली, तिची इरेने प्रशियात सख्ख्या मावसभावाला आणि आलिक्स झारला, दोघींच्या मुलांत हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, उतरला, तो या लाल रेघेनेच. आता या दोघींची थोरली बहीण शोधा, तीही व्हिक्टोरियाच, १८८४ मध्ये बाटेनबेर्गांकडे दिली. तिच्या खाली १९०० साली जन्मलेला धाकटा मुलगा लिहा, म्हणजे १९४७ चे आपले व्हाइसरॉय माउंटबॅटन (बाटेनबेर्गचंच इंग्रजी रूप), आणि वर नजर टाका, शेवटच्या झारची बायको त्यांची सख्खी मावशी.