संध्याकाळचा विजेचा लोड दुपारी कसा ढकलायचा

गोव्यात लागणारी बहुतेक वीज बाहेरून, ग्रीडवरून (देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यावरून) येते. दुपारी सोलारमुळे ग्रीडवर वीज मुबलक असते, आणि सूर्य बुडाला की सोलारची वीज थांबते, नेमके तेव्हाच फोंड्यापासून कळंगुटपर्यंत सगळ्यांचे एसी, गीझर एकदम चालू. म्हणून किती वापरता तेवढंच कधी वापरता तेही महत्त्वाचं.

आधी घरातले खादाड शोधा. एलईडी बल्बच्या मागे लागू नका, त्यात काही निघत नाही. गीझर 2000 वॅट, दीड टनाचा एसी साधारण 1500, इस्त्री 1000, पंप एक एचपीचा असला तर 750च्या आसपास, हे चारही संध्याकाळी सातला चालू म्हणजे सव्वापाच किलोवॅट झाले की!

मग एकेक सरकवा. पंप सगळ्यात सोपा. नळाचं पाणी रात्री आलं तरी ते खालच्या टाकीत पडतं, वर चढवायचं काम दुपारी करायला काय हरकत आहे? टायमर लावा, पण खालच्या टाकीत फ्लोट स्विच (पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारा) हवाच, नाहीतर पाणी नसताना पंप कोरडा फिरून जळेल आणि वाइंडिंगचा खर्च वाचलेल्या बिलापेक्षा जास्त होईल. गीझरला टायमर लावताना 16 अँपिअरचाच घ्या, साधा प्लगवाला वितळतो. इस्त्री दुपारी. ई-स्कूटर घरी आल्या आल्या लावू नका, झोपल्यानंतर चार्ज होऊ दे.

एसी मात्र पूर्ण सरकत नाही, इथल्या दमटपणात उगाच घाम गाळत बसा असं मी सांगणार नाही. ऊन उतरण्याआधी खोली थंड करून घ्या, मग 24 वर ठेवून पंखा लावा. फ्रिजला हात लावू नका.

पैसे वाचतील का? केंद्राच्या 2023 च्या नियमांप्रमाणे स्मार्ट मीटर बसला की दिवसातले आठेक तास सोलार अवर्स (सोलारची वीज मुबलक असते ते तास), तेव्हा दर किमान 20 टक्के कमी, आणि पीक अवर्सना, म्हणजे मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा, घरगुती ग्राहकाला किमान 10 टक्के जास्त. नेमके तास आणि दर वीज नियामक आयोग ठरवतो, त्यामुळे आधी आपल्या बिलावर बघा हे लागू झालंय का. झालं नसेल तर नुसतं सरकवून बिल उतरणार नाही, फायदा फक्त ग्रीडला.

होमस्टे असेल तर पाहुण्यांना सांगत बसू नका, कोण ऐकतंय, प्रत्येक खोलीला चावीवाला मास्टर स्विच (चावी काढली की खोलीतली वीज बंद) बसवून टाका.