कामावरच्या अपघाताची भरपाई आणि वकिलाची फी: या चुका टाळा

कामावर अपघात होऊन घरातला कमावता माणूस गेला किंवा कायमचा अपंग झाला, की दहा-पंधरा दिवसांच्या आत दोन प्रकारची माणसं दारात येतात. एक ठेकेदाराकडून आलेला असतो, त्याच्याकडे तयार स्टॅम्पपेपर असतो. दुसरा म्हणतो, "माझ्या ओळखीचा वकील आहे, आत्ता एक रुपयाही देऊ नका, केस लागली की टक्केवारी द्या." दुःखात आणि कर्जात बुडालेल्या कुटुंबाला दोघेही देवासारखे वाटतात. भरपाईच्या पैशाला सगळ्यात मोठी गळती नेमकी इथूनच लागते. हा पैसा कोणाच्या तरी तुटलेल्या हाताचा किंवा गेलेल्या जिवाचा असतो, त्यातला रुपयाही अज्ञानापायी जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात. अशा दाव्यांना १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होत आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. त्यामुळे कोणाहीकडे सल्ल्याला जाल तेव्हा अपघाताची तारीख सर्वांत आधी सांगा. संहिता अमलात येण्याआधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याच्या चौकटीत चालतात आणि दुसऱ्या कायद्याचं नाव दिलेलं नसेल तिथे खाली दिलेली कलमं त्याच कायद्यातली आहेत. वकिलाच्या फीचे नियम मात्र वेगळ्या ठिकाणाहून येतात. अपघाताची तारीख कोणतीही असो, ते तेच राहतात.

टक्केवारीला होकार देणं

सर्वांत महाग पडणारी चूक ही. "मिळेल त्यातले वीस टक्के माझे" असा करार आपल्या देशात वकिलाला करताच येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक आचारनियमांतला नियम २० सांगतो की, वकिलाने खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचं कबूल करू नये. परदेशात काही ठिकाणी ही पद्धत चालते, म्हणून इथेही चालत असेल असं अनेकांना वाटतं. इथे तो व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग आहे.

सर्वोच्च न्यायालयासमोर ५ डिसेंबर २०१७ रोजी असंच एक प्रकरण निकाली निघालं. तेलंगणातल्या एका बाईंचे पती वाहन अपघातात गेले होते. भरपाई मंजूर झाल्यावर त्यांच्या वकिलाने फीपोटी चेकवर सही घेतली. चेक वटला नाही, तेव्हा त्याने त्यांच्यावरच चेक न वटल्याचा फौजदारी खटला घातला. मंजूर रकमेच्या टक्केवारीवर मागितलेली फी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, असं सांगून न्यायालयाने तो खटलाच रद्द केला. आपणही असा कागद लिहून दिला असेल तर घाबरून जाऊ नका. सही आहे एवढ्यावरून वाटा देणं बंधनकारक होत नाही.

जुन्या कायद्याचं कलम ९ इथे आणखी एक भिंत उभी करतं. भरपाईची रक्कम दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, तिच्यावर बोजा चढवता येत नाही, तिच्यावर जप्ती आणता येत नाही आणि कोणाचं येणं त्यातून वळतं करून घेता येत नाही. सावकार असो, ठेकेदाराने दिलेली उचल असो की वकिलाची फी, सगळ्यांना हे सारखंच लागू.

टक्केवारीने जातं किती ते आकड्यात पाहा. ३५ वर्षांचा बांधकाम मजूर, पगार महिना १८,००० रुपये. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा १५,००० आहे, म्हणून धरायचे १५,०००. मृत्यूच्या दाव्यात त्याचा निम्मा भाग, ७,५००, गुणिले कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे ३५ व्या वर्षाचा गुणक १९७.०६. एकूण १४,७७,९५० रुपये. वीस टक्के दिले तर २,९५,५९० रुपये विधवेच्या हातून गेले. शिवाय ही रक्कम काढण्यासाठी कोणत्याही वकिलाची कर्तबगारी लागत नाही, पगार आणि वय सिद्ध झालं की ती तक्त्यावरूनच निघते. वकिलाची खरी मेहनत लागते ती मालक-कामगार नातं आणि अपघाताचा कामाशी संबंध सिद्ध करायला. त्या मेहनतीचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत, पण ठरलेल्या रकमेत.

मग हातात पैसे नसताना करायचं काय? निकाल काहीही लागला तरी ठरलेली एक रक्कम द्यायची आणि ती हप्त्यांनी किंवा उशिराने द्यायची, असं बोलून घ्या. बरेच वकील याला तयार असतात.

फुकट वकील मिळतो हे माहीतच नसणं

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली महिला, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे कामगाराची विधवा, मग तिच्या नावावर थोडी शेती का असेना, पात्र आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. असा नेमून दिलेला वकील तुमच्याकडे पैसे मागू लागला तर त्याच कार्यालयात लेखी तक्रार द्या.

"फुकटचा वकील लक्ष देत नाही" असं सर्रास ऐकू येतं. कधी कधी ते खरंही असतं. पण वकील बदलून मागता येतो, आणि काहीच न करता टक्केवारीच्या माणसाकडे जाण्यापेक्षा एकदा तिथे जाऊन अर्ज करणं केव्हाही शहाणपणाचं.

वकीलच हवा असंही नाही. कलम २४ प्रमाणे नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी लेखी अधिकारपत्रावर तुमच्या वतीने उभा राहू शकतो. लिहिता-वाचता येत नसेल तर अर्जदाराच्या इच्छेनुसार आयुक्तांच्या, म्हणजे हे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, देखरेखीखाली अर्ज तयार करून देण्याची तरतूद कलम २२ मध्ये आहे. महाराष्ट्रात आयुक्त म्हणून बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश काम पाहतात, तेव्हा चौकशी तिथल्या कार्यालयात करा.

हॉस्पिटलमध्ये भेटलेल्या माणसावर भरवसा

वॉर्डात येऊन नाव-गाव विचारणारा, डॉक्टरांचे कागद मागणारा आणि लगेच वकीलपत्रावर सही घेणारा माणूस दलाल असतो. वकिलाने दलालांमार्फत काम मिळवणं बार कौन्सिलच्या नियम ३६ ने वर्ज्य केलं आहे. दलालाचा वाटा कोणाच्या खिशातून जातो हे वेगळं सांगायला नको. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या स्टॅम्पवर, कोऱ्या चेकवर सही नाही म्हणजे नाही. मूळ कागद कोणाला द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची.

फी तोंडी ठरवणं

"तुम्ही बघा साहेब, योग्य ते द्या" असं म्हणून निघालं की पुढच्या प्रत्येक तारखेला काहीतरी निघतं. एका साध्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्या आणि दोघांच्या सह्या करा: एकूण फी किती, ती कधी कधी द्यायची, त्यात कोणतं काम येतं, आणि टायपिंग, नोटरी, नोटीस बजावणी, डॉक्टरांची साक्ष हा खर्च कोणाचा.

"कोणतं काम येतं" यावर नीट बोला, कारण भांडणं तिथेच होतात. निकाल लागला म्हणजे पैसे हातात आले असं होत नाही. मालकाने रक्कम भरली नाही तर कलम ३१ खाली ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावी लागते, त्यासाठी वेगळा अर्ज असतो. विमा कंपनी ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपिलाला जाऊ शकते. वसुलीचा अर्ज याच फीत आहे का? अपील झालं तर कोण पाहणार आणि किती घेणार? हे पहिल्याच दिवशी विचारा. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. रोख देणं टाळा, खात्यावर पाठवा.

अर्जात खर्च मागायलाही सांगा. कलम २६ प्रमाणे दाव्याचा खर्च देववण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. मिळणारी रक्कम मोठी नसते, पण मागितलीच नाही तर मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

चुकीच्या दारात दावा लावणं

यात फीही जाते आणि वर्षंही. कामगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कक्षेत असेल, तर जुन्या ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे त्याला मालकाकडून ही भरपाई मागता येत नाही. त्याचे हक्क महामंडळाकडे, आणि वाद झाला तर कर्मचारी विमा न्यायालयात. पगाराच्या पावतीवर ईएसआय कापल्याची नोंद आहे का, हे वकिलाकडे जाण्याआधीच तपासा.

ड्रायव्हर, क्लीनर, डिलिव्हरीवाले यांच्या बाबतीत अपघात वाहनाचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ नुसार दोनपैकी एकच रस्ता निवडता येतो. मोटार अपघात न्यायाधिकरणात पगाराची १५,००० ची मर्यादा नसते, मात्र समोरच्या वाहनचालकाची चूक दाखवावी लागू शकते. भरपाईच्या आयुक्तांकडे मालकाची चूक दाखवण्याची गरज नसते. कोणता रस्ता का निवडला, हे वकिलाने तुम्हाला आकडे मांडून समजावलं पाहिजे. समजावत नसेल तर दुसऱ्या वकिलाला विचारा.

आणि ठिकाण. लातूरचा मुलगा मुंबईत इमारतीवरून पडला, म्हणून म्हाताऱ्या आईबापांनी मुंबईच्या चकरा माराव्यात असं नाही. कलम २१ प्रमाणे कामगार किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक जिथे राहतात, तिथल्या आयुक्तांकडे दावा करता येतो. प्रवासाचा आणि लांबच्या वकिलाचा खर्च एका निर्णयात वाचतो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून तो माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नका.

स्टॅम्पपेपरवरची तडजोड

ठेकेदाराने दोन लाख दिले, "यापुढे कोणताही दावा नाही" असं लिहून घेतलं, मध्यस्थाने आणि त्याच्या वकिलाने आपापला वाटा घेतला. असं घडलं असेल तर सगळं संपलं असं समजू नका. मृत्यूच्या दाव्यात भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, परस्पर दिलेली रक्कम भरपाई दिली असं कलम ८ मानत नाही. हक्क सोडून देणारा करार कलम १७ ने निरर्थक ठरतो. जखमी कामगाराबरोबर तडजोड झाली तर तिची आयुक्तांकडे नोंदणी व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी असेल किंवा फसवणूक, दबाव दिसला तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात.

डॉक्टरांच्या एका दाखल्यावर थांबणं

अपंगत्व किती टक्के, हा एक प्रश्न. कमावण्याची क्षमता किती टक्के गेली, हा दुसरा. भरपाई दुसऱ्यावर ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या एका निकालात सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून त्याची क्षमता १०० टक्के गेली असं मानलं गेलं. डॉक्टरांची साक्ष त्या दिशेने घेणं हे वकिलाचं काम आहे आणि फी द्यायची ती अशाच कामाची.

त्याच निकालाने भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते असंही सांगितलं. मालकाने ती महिन्याभरात दिली नाही तर कलम ४ अ प्रमाणे किमान १२ टक्के सरळ व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या उदाहरणात एका वर्षाचं व्याजच १,७७,३५४ रुपये होतं. अर्जात व्याज आणि दंड या दोन्हींची मागणी आहे ना, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्या. विमा असेल तर कंपनी सहसा भरपाई आणि व्याज देते, दंड मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो.

वकिलाने अडवलं तर

फी राहिली म्हणून फाइल देत नाही, असं घडतं. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलं आहे की थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. फीचा वाद असेल तर त्याने तो वेगळा मांडावा. वकील बदलायचा तर आधीच्याची संमती लागते, ती त्याने दिली नाही तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी मिळवता येते.

रक्कम मंजूर झाल्यावर ती तुमच्याच खात्यावर यावी असा अर्ज द्या. बँकेचं पासबुक आणि आधार सोबत ठेवा. रक्कम उचलण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या मुखत्यारपत्रावर सही करू नका. तरीही पैसा वकिलाच्या हातात गेला असेल, तर हिशेब मागा. तो देणं बार कौन्सिलच्या नियमांनी त्याच्यावर बंधनकारक आहे. हिशेब मिळाला नाही किंवा टक्केवारी कापून घेतली गेली, तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली तक्रार करता येते. तक्रारीला करारपत्र, पावत्या, बँकेचा उतारा आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश यांच्या प्रती जोडा. सनद निलंबित करण्यापासून ती कायमची रद्द करण्यापर्यंतची शिक्षा त्या कलमात आहे.