सोलापूरहून चिवला बीच: आधी तिथी, मग बुकिंग

सोलापुरात दाते पंचांग बहुतेक घरांत असतंच. मुलाबाळांना घेऊन मालवणच्या चिवला बीचला जायचं तर आधी ते उघडा. तिथीच्या अंकाची पाऊणपट काढा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. तिथून सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी अडीचला पूर्ण ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चाला.

मुलांना पाण्यात उतरवायचं ते ओहोटी संपून पाणी चढू लागल्यावर, पहिल्या दोन तासांत. उतरतं पाणी आत ओढतं. म्हणून आमची पसंती द्वादशीला: ओहोटी सव्वातीनच्या सुमारास, ऊनही कलतं आणि साडेपाचपर्यंत निवांत खेळता येतं. एकादशीला निघालात तर दुसऱ्या दिवशी बरोबर हीच वेळ मिळते. अष्टमीला भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी. पण ओहोटी ऐन बाराला, डोक्यावर ऊन. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी पार वर येतं, तेव्हा लहान मुलांना वाळूतच खेळू द्या.

अंतर साधारण चारशे किलोमीटर. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल. पहाटे पाचला निघा. दाजीपूरच्या जंगलात अंधार पडला की गवे रस्त्यावर येतात, तो पट्टा उजेडात पार झालेला बरा. वाटेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन्ही टिकतात.

चिवला अर्धचंद्राकृती आहे, लाटा सहसा मोठ्या नसतात. तरी दोन्ही टोकांच्या खडकांपासून लांब, मधल्या भागातच उतरा. खडकावर शेवाळ असतं आणि कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या, धारेने तळपाय फाटतो. पाणी मुलाच्या कमरेपर्यंतच, आणि मोठं माणूस मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला उभं. विहिरीत पट्टीचे पोहणारेच इथे फसतात: विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं सरकतं. खोल न जाताही माणूस पन्नास पावलं बाजूला गेलेला असतो. काठावरचं एखादं झाड किंवा घर खूण म्हणून धरा आणि दर थोड्या वेळाने तिच्यासमोर परत या. देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे मुलांना अजिबात उतरवू नका.

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणीही ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा. श्वास लागला किंवा अंगभर सूज आली तर थेट दवाखाना.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घाम वाळतो. तिथल्या दमट हवेत तो अंगावरच राहतो, अंग थंड होत नाही आणि मुलं एकाएकी मरगळतात. माणशी तीन लिटर पाणी, लिंबू, मीठ-साखर सोबत असू द्या. चादर नेऊ नका: ओली झाली की उचलवत नाही आणि विणीत घुसलेली वाळू धुतली तरी निघत नाही. सोलापुरी टर्किश टॉवेल मात्र माणशी दोन.

सकाळी कोळी बांधव रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोराच्या आत मुलं जाऊ देऊ नका. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं. स्नॉर्केलिंगला गेलात तर प्रवाळावर पाय टेकू नका आणि त्याचा तुकडाही उचलू नका, तो गुन्हा आहे. पावसाळ्यात मात्र सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्नॉर्केलिंग, दोन्ही बंद. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम.

गाडी वाळूवर घालू नका, चाकं रुततात आणि भरती थांबत नाही. घरी आल्यावर खालचा भाग गोड्या पाण्याने धुवून घ्या, नाहीतर खारं पाणी पत्रा खातं.