जळगावहून लंडन: अंतर किती, विमानात वेळ किती, हिशोब कसा करायचा

माझा धाकटा भाऊ जानेवारीत लंडनला गेला तेव्हा तिकिटावर लिहिलेलं, मुंबई दुपारी 2, लंडन संध्याकाळी 6:30. आईनं साडेसहापासून मोबाईल मांडीवर घेतला तो सोडलाच नाही, भाकरीचं पीठ परातीत तसंच, आणि दर पाच मिनिटांनी "पोऱ्याना फोन का बरं नई उना?" फोन आला रात्री एकला. तिला हे आधी समजावून सांगितलं नाही ही माझी चूक, म्हणून आता कुणाचं पोरगं बाहेर निघालं की मी हे सांगतोच.

तिकिटावरची वेळ त्या-त्या गावची असते. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणजे तिथले साडेसहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे बारा. दोन ते बारा, दहा तास, हा खरा प्रवास. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे, म्हणून उन्हाळ्यात साडेचारच तास धरायचे.

आता अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, चुकणार. पोरांचा पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबईपासून दोरा ताणून धरा. लंडनपर्यंत साधारण 7,200 किमी भरतं. न्यूयॉर्कला धरून बघा, दोरा अटलांटिककडे सरळ न जाता वर रशियावरून पार आइसलँडजवळून जातो, आणि तोच जवळचा रस्ता, साधारण 12,500 किमी. गोल नसेल तर कॉम्प्युटरवर गूगल मॅप्समध्ये राइट क्लिक करून 'मेजर डिस्टन्स' घ्या, तेही असंच मोजतं.

त्या किमीला 850 नं भागा (विमानाचा ताशी वेग साधारण तेवढा), वर पाऊण तास चढण्या-उतरण्याचा धरा. लंडनचे सव्वानऊ तास येतात, पण विमान दोऱ्यासारखं सरळ जात नाही, कुठल्या देशाचं आकाश बंद असलं की वळसा पडतो (एप्रिल 2025 पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना बंदी घातली तसं), म्हणून दहा धरलेले बरे. येताना मात्र वरचं जोरदार वारं पश्चिमेकडून पूर्वेला वाहतं, ते पाठीशी लागतं आणि तासभर तरी वाचतो.

मधे दुबई-दोहाला विमान बदलायचं असेल तर तिथला थांबाही मोजा, कधीकधी तोच उडण्यापेक्षा जास्त निघतो.

आणि आपल्या लोकांचं खरं गणित तर जळगाव स्टेशनपासूनच सुरू होतं बरं का. मुंबई रेल्वेनं 420 किमी, सात-आठ तास, म्हणजे लंडनच्या हवाई प्रवासाला जवळपास टक्कर. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, आणि पावसाळ्यात कसारा घाटात गाडी अडकली तर काय करणार? दुपारचं विमान असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत जाऊन राहा, सकाळी दादरला उतरणाऱ्या गाडीच्या भरवशावर राहू नका.

घरी थांबणाऱ्यांसाठी कागदावर मोठ्या अक्षरात फक्त भारतातली वेळ लिहून कॅलेंडरला टाचा. आणि उतरल्यावर पासपोर्टची रांग, बॅगा यात तास-दीड तास जातो, तोही त्याच कागदावर वाढवून लिहा.